दात पडला की आण

"आ कर," अमोलिकबाई म्हणाल्या.

सलूनं आ केला. बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला, तिची हनुवटी धरून तोंड खिडकीच्या उजेडाकडे वळवलं आणि खालचे पुढचे दात बोटानं एकेक करून हलवून पाहिले. मी बाजूला उभा. मनात म्हटलं, आपण पोरीला पियानोला घालायला आणलंय की बैलबाजारात?

"एकही हलत नाही," बाई म्हणाल्या. "दात पडला की आण."

"कुठला दात?"

"कुठला का असेना. पहिला."

ही गोष्ट नगरची, आणि आता जवळजवळ पस्तीस वर्षांपूर्वीची. माझं पेटी दुरुस्तीचं दुकान होतं. भजनी मंडळांच्या पेट्या, शाळांच्या पेट्या, आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या उपासनेची पेटी, सगळ्या माझ्याच हाताखालून जायच्या. रविवारी उपासनेत पेटी वाजवायचोही मीच. नाव शांतवन ओहोळ. नावात शांती आणि नाकावर राग, असं माझी बायको सुवार्ता लोकांना माझी ओळख करून देताना सांगायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

अमोलिकबाई चर्चच्या हॉलमध्ये पियानो शिकवायच्या. पियानो जुना, मिशनच्या काळातला. बाई त्याहून थोड्या धाकट्या. लहानपणी त्यांनी मला संडे स्कूलला शिकवलेलं, म्हणून मला त्या अरेतुरे करायच्या आणि मीही त्यांच्यापुढे जरा दबून असायचो. त्या दाताचं बोलतात हे मी ऐकून होतो, पण मला ती बाईंची गंमत वाटायची.

"बाई, सलू पाच पूर्ण झाली की. पेटीवर पाच भजनं वाजवते. कुणी शिकवलेली नाहीत, ऐकून बसवलीत."

"वाजवू दे ना. कोण नको म्हणतंय?"

"पण पियानो?"

"तोही वाजवेल. दात पडल्यावर."

"अहो, पण दाताचा आणि बोटांचा संबंध काय?"

बाई हसल्या. "तू भाता फाडून आत काय काय करतोस, ते मी कधी विचारते का?"

तेवढ्यात सलू दिसेना. बघतो तर पोरगी पियानोच्या मागं, भिंत आणि लाकूड यांच्यामधल्या फटीत शिरलेली.

"बाई, ह्याचा भाता कुठंय?" आतून आवाज आला.

"ह्याला भाताच नसतो."

"मग हवा?"

"हवाही नसते."

हे काही तिला पटेना. बाईंनी तिला बाहेर काढलं, स्टुलावर उभं केलं आणि पियानोचं वरचं झाकण उघडून आत दाखवलं. तारा, आणि तारांसमोर लोकरीच्या टोप्या घातलेल्या हातोड्यांची रांग. बाईंनी एक पट्टी दाबली. एक हातोडी उडाली, तारेवर बसली आणि मागं आली. सलूनं डोळे एवढे मोठे केले.

मग तिनं स्वतः दाबली, आणि दाबूनच ठेवली. सूर आला, बारीक होत गेला, विरला.

"संपला!" ती म्हणाली. "मी तर बोट काढलं पण नव्हतं."

पुन्हा दाबली. पुन्हा. सहा-सात वेळा तरी. कान लाकडाला लावून ऐकत होती. पेटीवर भाता हलवत राहिलं की सूर राहतो, एवढंच पोरीला ठाऊक. इथं सूर आपला आपण जातो म्हणजे काय!

"कुठं जातो तो?"

"तुला काय वाटतं?" बाईंनी विचारलं.

सलूनं विचार केला. "आत जाऊन बसतो."

बाई माझ्याकडे वळल्या. "पोरगी चांगली आहे रे."

"मग घ्या की!"

"दात पडू दे."

एरवी मी म्हटलं असतं, बरं, पडेल तेव्हा पडेल. पण घोडं अडलं होतं ते वेगळ्याच ठिकाणी. बाई येत्या मे महिन्यात बंगळुरूला मुलाकडे कायमच्या जाणार होत्या. त्यांच्यामागं नगरमध्ये पियानो शिकवणारं कुणी मला माहीत नव्हतं. तेव्हा ऑगस्ट चालू होता. म्हणजे नऊ महिन्यांत सलूचा दात पडला तर पियानो, नाही तर पोरगी जन्मभर माझ्यासारखी ऐकून ऐकून वाजवणार. पुण्याला एकदा एका चर्चची पेटी दुरुस्त करायला गेलो होतो. तिथं एक टीचभर पोर समोर वही ठेवून दोन्ही हातांनी पियानो वाजवत होतं. उजवा हात एक म्हणतोय, डावा दुसरंच काहीतरी, आणि दोघांचं जमतंय! मी पेटी तशीच उघडी टाकून ऐकत बसलो होतो. ते डोक्यातून गेलंच नव्हतं.

त्यातून माझ्या साडूनं एक भुंगा सोडून दिला होता. सहाच्या आत हात लागला पाहिजे म्हणे, नंतर बोटं वळत नाहीत. साडूला पियानोतलं काय कळत होतं? काही नाही. तो एसटीत कंडक्टर होता. पण माणसाला जे ऐकायचं असतं ते सांगणारा त्याला शहाणा वाटतो, तसं माझं झालं.

"पाच वर्षांची आहे ती," सुवार्ता म्हणाली. ती शिलाईच्या मशीनवर बसली होती. "अजून चप्पल उलटी घालते. डावा पाय कुठला, उजवा कुठला कळत नाही आणि तुम्हाला दोन हातांनी पियानो पाहिजे."

"नंतर बोटं कडक होतात."

"तुमची बोटं कुठं कडक झालीत? मग तुम्हीच शिका की."

मी तिच्यावर डाफरलो आणि विषय संपवला. तिचं ते वाक्य तेव्हा वाऱ्यावर गेलं.

पण दाताचं कोडं काही सुटेना. मी विचारत सुटलो. चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, दात पडायला लागले की मुलाला बरंवाईट कळतं, असं असावं. दवाखान्यातले कंपाउंडर म्हणाले, दात बदलतात तेव्हा हाडंही घट्ट होतात. समोरचा शिंपी म्हणाला, बोबडं बोलणारं पोर दात पडल्यावर जास्तच बोबडं बोलतं, मग ते बडबडत नाही, शिकतं. प्रत्येकाकडे कारण होतं आणि एकाचंही दुसऱ्याशी जुळत नव्हतं. दुकानात कुणी पोर घेऊन आलं की मी पेटीआधी पोराच्या तोंडात बघायचो. "कितव्या वर्षी पडला हो हिचा?" लोकांना वाटायचं, ओहोळला काय झालं!

आणि घरी रोज सकाळी, तोंड धुऊन झालं की मी सलूला उजेडात उभं करायचो.

"आ कर."

खालचा एक दात धरून हलवायचो. काहीच हलायचं नाही. मी म्हणायचो, "आज थोडा हलला वाटतं."

"खरंच?" सलू विचारायची. "पप्पा, दाताला कोण ढकलतं?"

"आतला नवा दात."

"तो कधी ढकलणार?"

"मे महिन्याच्या आत ढकलला म्हणजे बरं."

"मग त्याला सांगा ना."

"तूच सांग."

मग ती खाली मान घालून आपल्याच छातीशी कुजबुजायची, "ए, लवकर ढकल." आम्ही दोघं हसायचो. सुवार्ता आतून ओरडायची, "अहो, सोडा तिचं तोंड, शाळेला उशीर होतोय!"

दिवाळीच्या सुट्टीत माझी बहीण तिच्या मुलीला घेऊन आली. भाची सात वर्षांची, दात नुसता लोंबत होता आणि ती कुणाला हात लावू देईना. मी युक्ती केली. तिच्या दाताला दोरा बांधला, दोऱ्याचं दुसरं टोक पेटीच्या भात्याला. भात्याची कडी काढली की भाता स्प्रिंगनं फट्कन उघडतो. "आता पेटी गाणार बघ," असं म्हणून मी कडी काढली. भाता उघडला, दात दोऱ्याला लटकलेला, आणि भाची रडायचं सोडून बघतच राहिली. सगळे पोट धरधरून हसले. सलू हसली नाही. ती कडी उघडमीट करून बघत होती, भाता किती लांब येतो ते.

डिसेंबर उजाडला. नाताळाला पंधरा दिवस असतील. दुपारी जेवायला घरी आलो तर सलू दारात उभी. फ्रॉकचा घोळ तोंडावर धरलेला. दुसरी मूठ माझ्यापुढं करून तिनं उघडली.

"पडला," ती म्हणाली.

मी तिला उचलून गरागरा फिरवलं. खोटं कशाला सांगू, मला आधी आनंद झाला. फ्रॉकवरचं रक्त मला नंतर दिसलं.

सुवार्ता बाजारातून आली. तिनं सलूचं तोंड धुतलं, कापसाचा बोळा लावला. "एवढं रक्त कसं आलं?"

"दात पडल्यावर येतंच."

"सकाळपर्यंत तर घट्ट होता."

"थोडा हलत होता. मी रोज बघत होतो ना."

तिनं माझ्याकडे बघितलं आणि बोळा बदलला. पेटी खोलीत नेहमीच्या जागी होती. भाता उघडा आणि त्याला हातभर दोरा लोंबत होता. कुणी पेटीला हात लावलेला मला खपत नाही. मी दोरा तोडून फेकला, भाता बंद केला आणि शेजारच्या पोरांच्या नावानं शिव्या घातल्या.

"दात कौलावर टाकून या," सुवार्ता म्हणाली. आमच्याकडे दुधाचा दात कौलावर टाकतात.

"आधी बाईंना दाखवू, मग टाकू."

दात रुमालाच्या गाठीत बांधला आणि सलूचं बोट धरून निघालो. वाटेत भेटेल त्याला सांगत होतो. सलू गप्प होती. बोळा आहे म्हणून बोलत नसेल, असं मला वाटलं.

हॉलमध्ये नाताळाच्या गाण्यांची तालीम नुकतीच संपली होती. बाई वह्या गोळा करत होत्या.

"सलाम, बाई! आणलाय बघा." मी गाठ सोडून दात त्यांच्या तळहातावर ठेवला.

बाईंनी चष्मा खाली घेतला. दात उजेडात धरला. उलटा केला, सुलटा केला. मी वाट बघत होतो की आता म्हणतील, कधीपासून येते?

"शांतवन, हे काय आहे?"

"दात आहे, बाई."

"दात दिसतोय. हे खाली काय आहे?"

दाताच्या खाली पांढरट, लांबुळकं टोक होतं. मी ते पाहिलं होतं. दात असाच असतो असं मला वाटलं होतं.

"मूळ आहे हे," बाई म्हणाल्या. "आपण होऊन पडलेल्या दाताला मूळ राहत नाही रे. आतला दात वर येता येता ते झिजवून टाकतो. चाळीस वर्षं पोरांचे दात बघतेय मी." त्या खाली वाकल्या. "सलू, दात कसा पडला, बाळा?"

सलूनं त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे बघितलं.

"भात्यानं," ती म्हणाली.

"दुखलं?"

"थोडं. तीनदा करावं लागलं."

"पप्पांनी सांगितलं होतं का असं कर म्हणून?"

सलूनं जोरजोरात मान हलवली. मला वाचवायला निघाली होती पोरगी. "नाही. पप्पा दुकानात होते. पण पप्पांना मे महिन्याच्या आत पाहिजे होता."

काय सांगू तुम्हाला. मला तिथं उभं राहवेना आणि बसवेना. राग आला की मी कुणावर तरी ओरडून मोकळा होतो. तिथं कुणावर ओरडणार? शेजारच्या पोरांवर? ती एवढीशी खोलीत एकटी बसली असेल, दोरा बांधला असेल, कडी काढली असेल, आणि दात आला नाही म्हणून भाता दाबून पुन्हा कडी लावली असेल. पुन्हा बांधला असेल. आणि मी घरी येऊन तिला गरागरा फिरवलं. मी तिथंच बाकावर बसलो आणि रडलो. पोरीदेखत, बाईंदेखत रडलो.

बाईंनी मला रडू दिलं. मग माझ्याशेजारी येऊन बसल्या.

"तू विचारलं होतंस ना, दाताचा आणि बोटांचा काय संबंध?" त्या म्हणाल्या. "काही नाही. पहिल्या-पहिल्यांदा मी वय विचारायचे. सहा पूर्ण लागतील म्हणायचे. लोक चार वर्षांचं पोर कडेवर घेऊन यायचे आणि सहाचं सांगायचे. दाखला मागितला तर दाखल्यावरही वय वाढवलेलं. शाळेत लवकर घालायचं असतं ना सगळ्यांना. मग म्हटलं, दात मागू. दाताला काही घाई करता येत नाही. आईबाप बाकी काहीही करतील, पण लेकराच्या तोंडात हात घालणार नाहीत."

दात त्यांच्या मुठीत होता.

"तूही घातला नाहीस. घालायची वेळ तिच्यावर आली. त्यात माझंही चुकलंच. असं काही मागायला नको होतं."

"बाई, आता काय करू?"

"आता? आता पियानोवर बस."

"सलूला बसवू?"

"सलूला नाही. तू बस."

मला काही कळेना, पण संडे स्कूलची सवय, बसलो. बाई म्हणाल्या, रविवारी वाजवतोस त्यातलं काहीही वाजव. मी उजव्या हातानं सुरू केलं. पट्ट्या त्याच, सूर तेच, अवघड काय त्यात! दुसऱ्या ओळीला आलो आणि टक् टक् असा आवाज यायला लागला. बघतो तर माझा डावा हात पट्ट्यांच्या मागं जाऊन समोरची फळी ढकलत होता. भाता मारत होता. जिथं भाता नव्हताच!

मागून सलू हसली. तोंडात बोळा, गालावर सुकलेलं पाणी, आणि खदखदून हसली. "पप्पा! त्याला भाता नसतो!"

बाईसुद्धा हसल्या. मग माझा डावा हात धरून त्यांनी पट्ट्यांवर ठेवला. "ह्यानं आजवर फक्त वारा घातलाय. माझ्याकडे पाच महिने आहेत, तेवढ्यात ह्याला गायला शिकवू. तिचा दात पडेल तेव्हा मी इथं नसेन. तू असशील."

सुवार्तानं ऑगस्टमध्येच हे सांगितलं होतं. त्या संध्याकाळी घरी जाऊन मी तिला सगळं सांगितलं, दोऱ्याचंही. ती सलूला मांडीवर घेऊन बसली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. बरोबर केलं तिनं.

पाच महिने आठवड्यातून तीनदा मी हॉलवर जात होतो. तेहतिसाव्या वर्षी, लहान पोरांची वही समोर ठेवून. डावा हात इतका आडमुठा निघाला की एकदा मी वही भिरकावून दिली. सलू बाकावर पाय हलवत बसलेली असायची. तिनं उतरून वही उचलून आणली. "असू दे पप्पा," म्हणाली, "तुमचा अजून दात पडला नाहीये." बाई खिडकीकडे तोंड करून हसत उभ्या राहिल्या.

मे महिन्यात बाई गेल्या. जाताना पियानोच्या झाकणाची किल्ली मला दिली.

सलूच्या त्या जागी नवा दात लवकर आलाच नाही. वर्षभराहून जास्त तिथं फट होती. ती हसली की मला आधी ती फट दिसायची. मी कानाला खडा लावला होता, पुन्हा कधी तिला आ कर म्हटलं नाही. उपासनेत मी आता पेटी सोडून पियानोवर बसायला लागलो होतो आणि ती शेजारी बसून मी कुठं चुकतो ते मोजायची. पट्ट्यांना हात लावायची नाही. मीही लाव म्हणायचो नाही.

पुढच्या वर्षीचा नाताळ होऊन गेला होता. जानेवारीतली दुपार. मी दुकानात एका पेटीच्या पट्ट्या उघडून बसलो होतो. सलू शाळेतून आली. दप्तर पाठीवर, हातात अर्धा खाल्लेला पेरू. नेहमीसारखी ओरडत आली नाही. समोर येऊन उभी राहिली आणि पेरू माझ्यापुढं धरला. पेरूच्या पांढऱ्या गरात दात रुतला होता.

"आपोआप पडला, पप्पा," ती म्हणाली. "शप्पथ. मी हात पण नाही लावला." मग तिनं दात काढला, फ्रॉकला पुसला आणि उलटा करून दाखवायला लागली. "बघा ना. मूळ नाही."

मी बघितलं नाही. तिची मूठ मिटवली, तिला खांद्यावर घेतलं आणि बाहेर आलो. दुकानाचं कौल उंच होतं. तिनं दोनदा फेकला, दोन्ही वेळा खाली आला. तिसऱ्यांदा वर राहिला.

"आता जायचं का हॉलवर?" तिनंच विचारलं.

"तू म्हणशील तेव्हा."

तिनं हातातल्या पेरूकडे बघितलं. "हा संपल्यावर."

मी तिला पायरीवर बसवलं आणि तिच्याशेजारी बसलो. पुढचे दोन दात नसलेलं पोर पेरू कसं खातं, कधी बघितलंय? फार वेळ लागतो. मी थांबलो.